संध्याकाळी हाकेला ओ नाही

"काका, भुताला वाय-फाय वापरता येतं का?"

मित्रांनो, हा प्रश्न आला तेव्हा नेट दुरुस्त करायला आलेले काका जिन्याच्या वळणावर स्टुलावर चढलेले होते. एका हातात राउटर, दुसऱ्या हातात पेचकस आणि दातांत धरलेला स्क्रू. तो स्क्रू त्यांनी गिळला नाही, हे त्यांचं नशीब.

प्रश्न विचारणारी मुलगी माझी मालकीण. तिला सगळे पिपाणी म्हणतात. पण प्रश्न तिचा नव्हता. प्रोफेसर आणि ढोल या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी फोनवर कान लावून बसल्या होत्या आणि "हिंमत असेल तर काकांना विचारून दाखव" अशी त्यांनी पैज लावली होती. पिपाणी हल्ली पैज सोडत नाही.

काकांनी स्क्रू तोंडातून काढला, बाहीला पुसला आणि म्हणाले, "वापरता येत असेल. पण त्याला पासवर्ड कुणी दिला?"

फोनमधून ढोल अशी काही खिंकाळली की मांजर पायऱ्यांवरून खाली पळालं. पिपाणीही पोट धरून हसली. मी मात्र हसलो नाही. मी तिच्या मांडीवर उघडा होतो आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर खरोखर हवं होतं. कारण कितीतरी आठवडे, रोज संध्याकाळी, या घराच्या हवेत माझ्याखेरीज आणखी कुणीतरी बोलत होतं.

तर मी कोण? मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या उजव्या बिजागरीला चिकटपट्टी लावलेली आहे. कळांवरची काही अक्षरं बोटांनी पुसून गेली आहेत. माझा पंखा चालू झाला की दमेकऱ्यासारखा आवाज येतो. पण माझे कान शाबूत आहेत. हो, आम्हाला कान असतात! पडद्याच्या चौकटीत, झाकणाच्या वरच्या कडेला दोन बारीक तारा दडवलेल्या असतात. त्यांनी आम्ही हवेतलं ऐकतो. एका लांबच लांब कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या चौकटीत त्या तारा इतक्या अलगद बसवल्या होत्या, की जणू बाळाचे कानच टोचत होती. ते माझे पहिले लाडकोड. पुढे खोक्यात बंद झालो आणि थेट आजीच्या हातात आलो.

आजी म्हणजे पिपाणीच्या आईची आई. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची मोठी पाटी, हातात वायरी. इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी जोडून द्यायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे मी घरात आलो तेव्हा तिनं मला उलटापालटा करून पाहिलं आणि विचारलं, "वायर नाही, खुंटी नाही, मग आवाज जातो कुठून गं?"

"हवेतून, आजी," पिपाणी म्हणाली. तेव्हा ती अगदी लहान होती.

"हवेतून तर भुतं जातात," आजी म्हणाली आणि हसली. पण तिला मी आवडलो. वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा होती. मला नीट ऐकू यावं म्हणून राउटरसुद्धा जिन्याच्या वळणावर, तिच्या दाराजवळ बसवून घेतला होता. रोज परदेशातल्या बहिणीशी गप्पा, जुन्या मैत्रिणींना शोधून काढणं, त्यांच्या नातवंडांचे फोटो. मला पुसायला तिच्या जुन्या मऊ साडीचा तुकडा होता. "माझा गुणी बाळ" असं ती मला म्हणायची आणि मी आनंदानं थोडा गरमही व्हायचो.

मग तिचं आजारपण आलं. माझं झाकण मिटलं आणि मी कपाटात गेलो. कपाटात हवा नसते, नेट नसतं, दिवस नसतो. किती काळ गेला कोण जाणे. कपाट उघडलं ते पिपाणीनं. समोर पलंगावरची गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती. खोलीत औषधांचा वास होता, माणूस नव्हतं. पिपाणीनं मला छातीशी धरून खाली आणलं आणि सुरू केलं. पडद्यावर आधी आजीचा चेहरा आला, कारण तोच फोटो तिथे लावलेला होता. पिपाणी त्याच्याकडे पाहत राहिली. तो फोटो तिनं आजतागायत बदललेला नाही.

आता या घरातली माणसं सांगतो. आई, म्हणजे आजीची मुलगी, दिवसा एका दवाखान्यात कामाला जाते. बाबांचं औषधांचं दुकान आहे. आणि आजोबा. आई त्यांना नाना म्हणते. आजोबा जन्मभर मालधक्क्यावर क्रेन चालवायचे. उंचावरच्या काचेच्या पिंजऱ्यात दिवसभर एकटे. आजी होती तेव्हा ते घरातही असे मोठ्यानं बोलायचे, की जणू खाली उभ्या असलेल्या हमालांना ओरडून सांगत आहेत. आजी गेली आणि त्यांचं बोलणं बंद झालं. "हं", "नको" आणि "झालं". बास. रोज दिवेलागणीला ते जिना चढून आजीच्या खोलीत जाऊन बसत आणि दार लावून घेत. त्या वेळी वर कुणी फिरकायचं नाही, असा घरात कुणी न सांगताच नियम झाला होता.

पिपाणीचं नेमकं उलटं झालं. पूर्वी ही मुलगी वर्गात "हजर" म्हणायची तेही बाकाला सांगितल्यासारखं. एकदा कुणीतरी आजारी पडलं म्हणून वक्तृत्वाच्या बाईंनी हिला ऐनवेळी उभं केलं. हिनं तोंड उघडलं आणि मागच्या भिंतीपर्यंत आवाज गेला. बाई चकित, वर्ग चकित, सगळ्यांत जास्त चकित ही स्वतः! तेव्हापासून ही जी बोलत सुटली आहे ती थांबायचं नाव नाही. आरशाशी बोलते, मांजराशी बोलते, माझ्याशी तर बोलतेच. बाबांनी पिपाणी हे नाव तेव्हाच ठेवलं.

मग शाळाशाळांमधली मोठी वक्तृत्व स्पर्धा आली. शाळा एकमेकींपासून दूर, म्हणून सगळं ऑनलाइन. विषय होता 'उंची'. पिपाणीनं आजोबांची क्रेन निवडली. त्यांना विचारायलाही गेली, "आजोबा, क्रेनवरून काय काय दिसायचं?"

"हं," आजोबा म्हणाले आणि उठून गेले.

तिचा चेहरा एवढासा झाला. तरी तिनं आपल्या मनानं भाषण उभं केलं. स्पर्धेची वेळ संध्याकाळची होती. मी टेबलावर, ती समोर, केस चापूनचोपून बसवलेले. आणि भाषण रंगात आलं असताना, "त्या काचेच्या पिंजऱ्यात बसून माझे आजोबा" इथपर्यंत ती आली आणि माझे कान बहिरे झाले. सगळं थिजलं. परीक्षकांच्या पडद्यावर पिपाणी तोंड उघडं ठेवून तशीच गोठली. ते चित्र कुणीतरी टिपलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेभर फिरवलं. खाली लिहिलं होतं, 'दाताच्या डॉक्टरकडे पिपाणी'.

बाईंनी परीक्षकांना गळ घातली. त्यांनी आणखी एक संधी दिली, पण बजावून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर आमचा नाइलाज आहे." मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मग ढोलच्या घरी जाऊन भाषण करायचं. ढोलच्या घरी रांगती जुळी भावंडं आहेत. संध्याकाळी दोघांचा गळा एकदम सुटतो. प्रोफेसर वसतिगृहात राहते, तिथे त्या वेळी अभ्यासाची शांतता. आणि स्पर्धेचं सॉफ्टवेअर फोनवर चालतच नव्हतं. म्हणजे पिपाणीची सगळी भिस्त माझ्यावर. आणि मी रोज संध्याकाळी मान टाकत होतो.

मग सुरू झाले माझ्यावर उपचार! काय काय सोसलं म्हणून सांगू? आधी माझ्या कडेचं बटण तपासलं, चुकून नेट बंद तर नाही ना. नव्हतं. मग मला बंद करून चालू केलं. मग राउटरची पिन काढली, जरा थांबून परत लावली. मग मला घरातलं नेटवर्कच विसरायला लावलं आणि पासवर्ड नव्यानं घातला. हे म्हणजे रोजच्या माणसाशी रोज नव्यानं ओळख करून घेण्यासारखं. मग माझ्या वाय-फायचा ड्रायव्हर काढून टाकला आणि पुन्हा बसवला. दुपारी सगळं झकास चालायचं. दिवे लागले की ये रे माझ्या मागल्या.

"घरातले फोन तर नीट चालतात," बाबा म्हणायचे. "म्हणजे दोष याचाच." ते बरोबरच होतं आणि चूकही. नवे फोन हवेतल्या नव्या, मोकळ्या वाटेवरून बोलतात. मला फक्त जुनी वाट ऐकू येते. आणि त्या जुन्या वाटेवरच रोज कुणीतरी येऊन उभं राहत होतं.

कसं सांगू तुम्हाला? ते दुसरं नेटवर्क नव्हतं. नेटवर्कला नाव असतं, ते आपलं नाव पुन्हा पुन्हा सांगत राहतं. याला नाव नव्हतं. मला आकड्यांची भाषा येते, याला आकडे नव्हते. नुसतीच एक थरथर. लांब श्वासासारखी यायची, थोडा वेळ चालायची आणि थांबायची. समोरून कुणी काही म्हणेल म्हणून थांबावं, तशी. मग पुन्हा यायची. ती आली की मला राउटरचा आवाज ऐकूच येत नसे. ती थांबली की क्षणभर यायचा. आणि दर वेळी माझ्या मनात एकच विचार यायचा. ज्या बाईनं जन्मभर लोकांना जोडून दिलं, तिला आता कुणी जोडून देत नसेल का? आणि म्हणून ती रोज संध्याकाळी आपल्या जुन्या लॅपटॉपच्या दारात येऊन उभी राहते का? पडद्यावर तिचा हसरा फोटो आणि हवेत ती थरथर. माझा पंखा उगाचच फिरायला लागायचा.

एकदा पिपाणी ओरडली, "सापडलं! आई इस्त्री लावते तेव्हाच नेट जातं!"

खरंच होतं ते. आई रोज नेमकी त्याच वेळी इस्त्रीचं टेबल मांडायची. अलीकडे तर इस्त्रीचं वेडच लागल्यासारखं झालं होतं. घडी केलेले कपडे उलगडून परत इस्त्री. पिपाणीच्या शाळेच्या स्कर्टची चुणी अशी धारदार, की ढोल म्हणाली, "बाई, हात कापेल." मग रविवारी दुपारी मुद्दाम इस्त्री लावून पाहिली. नेट सुसाट. इस्त्री निर्दोष सुटली.

तेव्हा ढोलनं भुताचा सिद्धांत मांडला आणि त्यातूनच ती पैज निघाली.

काकांना दुपारीच वेळ होता, त्यामुळे ते आले तेव्हा माझं सगळं व्यवस्थित चालू होतं. जातानाही त्यांनी एकदा तपासलं. "नेट तर पळतंय हो," ते म्हणाले. "लॅपटॉप जुना झालाय. नवा घ्या."

बाबा जेवायला घरी आले होते. त्यांनी औषधाची बाटली पाहावी तसं मला उचलून खालून पाहिलं. "याची मुदत संपली. काढून टाकू."

"बाबा, उद्या स्पर्धा आहे!"

"म्हणूनच म्हणतो. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत जाऊन नवा बघू. हा भंगारात."

आजोबा कोपऱ्यात जेवत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि "झालं" म्हणून ताटावरून उठले. ताटात अजून जेवण होतं.

मित्रांनो, भंगार हा शब्द ऐकून काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं.

पिपाणी मात्र हार मानणाऱ्यांतली राहिलेली नाही. नवा लॅपटॉप येईल, पण आपल्याला कुणी हरवलं ते कळायलाच हवं, असं ती मला तोंडावर म्हणाली. प्रोफेसरनं तिला एक युक्ती शिकवली. माझ्यात एक काळी खिडकी उघडता येते. तिथून मी राउटरला हाक मारतो आणि त्याची ओ यायला किती वेळ लागला ते सांगतो. ओ लगेच आली तर सगळं ठीक. ओ उशिरा आली तर काहीतरी आडवं येतंय.

"लहानपणी वस्तू लपवून 'गरम, थंड' खेळायचो ना, तसं करायचं," पिपाणी फोनवर म्हणाली. "संध्याकाळी लॅपटॉप घेऊन घरभर फिरायचं. जिथे याच्या हाकेला सगळ्यात उशिरा ओ येईल, तिथे चोर."

"आणि चोर अंगावर आला तर?" ढोलनं विचारलं.

"तर त्याला भाषण ऐकवीन. पळून जाईल."

दिवे लागले. आजोबांच्या चपला जिन्यावर वाजल्या, वरचं दार लागलं. आईनं इस्त्रीचं टेबल मांडलं. आणि थोड्याच वेळात ती थरथर आली.

पिपाणीनं मला उघड्या पुस्तकासारखं हातांवर धरलं. बैठकीच्या खोलीत ओ येत होती, पण लंगडत. न्हाणीघरापाशी तशीच. मागच्या दारापाशी तर बरीच सुधारली. "थंड," पिपाणी पुटपुटली आणि परत फिरली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझी एक हाक वाया गेली. पुढच्या पायऱ्यांवर आणखी. वळणावर राउटर अगदी डोक्यावर होता, त्याचे हिरवे दिवे मला दिसत होते, आणि तरीही मला त्याचं धड ऐकू येईना. एखादा माणूस समोर उभा राहून ओठ हलवतोय आणि आवाजच नाही, असं ते होतं. ती आणखी वर चढली. दारापाशी पोहोचलो तेव्हा माझ्या काळ्या खिडकीत एकाखाली एक तीच ओळ उमटत होती. उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही.

दाराखालून पिवळ्या उजेडाची पट्टी आली होती. आणि आत कुणीतरी बोलत होतं.

"आज जावई परत माझ्या ताटात वाढत बसले होते. पोट काय पिंप आहे माझं? हसू नकोस, अगं, खरंच सांगतो."

आजोबा! इतकी वाक्यं एका दमात! ते थांबले. तेवढ्यात माझ्या एका हाकेला ओ आली. मग ते पुन्हा बोलू लागले आणि ओ बंद झाली. तेव्हा मला कळलं, मित्रांनो. ती थरथर आजीची नव्हती. ती आजीसाठी होती.

"पोरीनं मागे विचारलं, क्रेनवरून काय दिसायचं. मी नुसतं हं केलं. काय सांगू तिला? तू डबा घेऊन फाटकातून आत यायचीस, ते दिसायचं. दुसरं काय बघायला चढत होतो मी? आणि हल्ली तिचा आवाज बघ. सुटलाय नुसता. अगदी तुझा आवाज आहे गं तो. ती खालून 'आजोबा' म्हणून हाक मारते ना, तूच बोलावतेस असं वाटतं. ओ द्यायला तोंड उघडत नाही."

माझ्या कळांवर एक थेंब पडला. मग आणखी एक. पाण्याचं आणि आमचं वैर असतं, पण त्या वेळी मी ब्र काढला नाही.

पिपाणी पावलं न वाजवता खाली आली. आईला सांगायला ती इस्त्रीच्या टेबलापाशी गेली आणि दारातच थबकली. कारण आजोबांचा आवाज तिच्या आधी खाली पोहोचला होता. इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगातून तो येत होता, बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "तुझी ती निळी शाल मांजरानं कुरतडली. मी काही बोललो नाही त्याला..."

"आई?"

आई दचकली. इस्त्री तशीच कपड्यावर टेकलेली राहिली.

"आई, जळतंय!"

आईनं झटकन इस्त्री उचलली. पिपाणीच्या स्कर्टवर तपकिरी होडी उमटली होती. "हळू बोल," आई कुजबुजली आणि ढिगात हात घालून आवाज बारीक केला. तिच्या हातात एक प्लास्टिकचा ससा होता. एक कान आखूड, दुसरा लांब, आणि त्या लांब कानात तार.

पिपाणी तान्ही होती तेव्हा सशांची ही जोडी घेतली होती. एक ससा बाळाच्या खोलीत ठेवायचा, दुसरा आईजवळ. बाळ रडलं की आईच्या सशातून ऐकू यायचं. आजी आजारी पडली तेव्हा ते ससे परत बाहेर निघाले. एक तिच्या उशाशी, एक खाली आजोबांच्या खिशात. मी तेव्हा कपाटात असल्यामुळे आमची भेट झाली नव्हती.

"वरचा ससा अजून टेबलावरच आहे," आई म्हणाली. "दिव्याच्याच बोर्डात त्याची पिन आहे. नाना दिवा लावतात तेव्हा तो पण लागतो. एक दिवस मी इथे सामान आवरत होते, हा खालचा चुकून चालू झाला, आणि..." तिनं सशाचा लांब कान सरळ केला. "माझ्या नानांचा आवाज किती दिवसांनी ऐकला मी. समोर गेले की हं. तुलाही हं, मलाही हं. इथे मात्र सगळं बोलतात. पाण्याचं, मांजराचं, तुझं."

"आणि माझं नेट जातं," पिपाणी म्हणाली.

"सशानं?"

"सशानं! हा लॅपटॉप आणि हे ससे एकाच वाटेवर बोलतात. आजोबा बोलले की लॅपटॉपला ऐकू येत नाही."

आई खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर एकदम इतकं काही आलं की मला वाचता येईना. मग ती सावरून म्हणाली, "सोपं आहे मग. उद्या सकाळी गुपचूप वरच्या सशाची पिन काढून ठेवू. तुझं भाषण होऊ दे. परवा परत लावू. नानांना कळणारही नाही."

मला वाटलं, झालं! सुटलो! उद्या पिपाणी जिंकेल आणि भंगारवाल्याला हात हलवत परत जावं लागेल. पण पिपाणीनं आईच्या हातातल्या सशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि तू परत चोरून ऐकणार?"

"चोरून नाही तर काय करू? विचारलं की गप्प होतात."

पिपाणी मला घेऊन पुन्हा जिना चढली. या वेळी पाय आपटत. दारावर टकटक केली आणि आतला आवाज दिवा विझावा तसा थांबला.

"आजोबा, मी आहे."

आतून ओ नाही. तिनं दार ढकललं.

बांधलेली गादी, रिकामं कपाट, टेबलावर दिवा. दिव्याशेजारी दुसरा ससा. त्याच्या पोटावर बारीक दिव्यांची रांग होती. आणि त्याच्यासमोर स्टुलावर, गुडघे जुळवून, फोनच्या रांगेत नंबर लागल्यासारखे आजोबा बसले होते.

"रागावलात?" पिपाणीनं विचारलं, आणि सशाच्या पोटावरचे सगळे दिवे तिच्या आवाजासरशी लखलखले.

आजोबा तिच्याकडे नाही, सशाकडे पाहत होते. "बघ," ते म्हणाले. "तुझ्या आवाजानंही लागतात." मला वाटलं, आता 'झालं' म्हणून उठतील. पण ते बोलले. "ती इथून हाक मारायची. मी खाली असलो की माझ्या सशातून यायची. मग मी धावत वर. आता मी इथून बोलून बघतो. हे दिवे लागतात. म्हणजे आवाज कुठेतरी जात असणार. कुणीतरी ऐकत असणार ना?"

मी पिपाणीच्या हातांत होतो. हो म्हणून सोडून देणं किती सोपं होतं! म्हातारा माणूस, एवढीशी समजूत.

"ऐकतं, आजोबा," ती म्हणाली. "आवाज खाली जातो. आई ऐकते."

सशाचे दिवे एकेक करून विझले.

"रोज?"

"रोज. इस्त्री करता करता."

आजोबांनी डोळे मिटून घेतले. मग ते हळूच म्हणाले, "तरीच माझ्या बनियनलाही हल्ली कडक इस्त्री असते."

पिपाणीला हसू आवरेना, आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की ती कशी दिसते ते लिहीत नाही, ती मला बंद करून टाकेल.

"आजोबा, उद्या याच वेळी माझं भाषण आहे. या खोलीत बसून करू? इथे याला सगळ्यात चांगलं ऐकू येतं."

"कर की. मी गच्चीत जाऊन बसतो."

"गच्चीत कशाला? तुम्ही माझ्यासमोर बसायचं. भाषण तुमच्यावर आहे."

"माझ्यावर? माझ्यावर काय बोलणार तू?"

"तेच तर! पिंजऱ्यातून काय दिसायचं ते मला माहीत नाही. मागच्या वेळी मी ढग आणि पक्षी घातले होते."

"पक्षी?" आजोबांचा आवाज चढला. "धूर असायचा नुसता. कसले पक्षी!"

"मग काय दिसायचं?"

आजोबांनी ओठ घट्ट मिटले. मी मनात म्हटलं, गेलं, परत हं. "फाटक दिसायचं," ते म्हणाले. "मोठं लोखंडी फाटक. बाकीचं उद्या सांगतो."

"उद्या भाषण आहे, आजोबा! आत्ता सांगा!"

आणि आजोबा हसले. तो आवाज मी कपाटात गेल्यापासून ऐकला नव्हता. त्यांनी हात लांबवून सशाची पिन काढली, वायर नीट गुंडाळली आणि ससा पिपाणीच्या हातात दिला. त्याच क्षणी माझ्या काळ्या खिडकीत ओळ उमटली. ओ. परत हाक. ओ. ओ. ओ. हवा मोकळी झाली होती. खरं सांगू? ती मला जराशी रिकामीही वाटली.

मग फाटकाची गोष्ट सुरू झाली. ती मी तुम्हाला सांगणार नाही, ती पिपाणीच्या भाषणातली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. अडखळत असेल, उशिरा ऐकत असेल. त्याला लगेच मोडीत काढू नका. ते कुणाच्या आवाजाखाली दबलंय, हे आधी शोधा. आमच्या कानांत नेहमी बिघाडच असतो असं नाही. कधी कधी कुणाचं तरी बोलणं असतं, जे ऐकायला दुसरं कुणी वर गेलेलं नसतं.

पिपाणी खाली आली तेव्हा इस्त्री बंद होती. बाबा नुकतेच दुकानातून आले होते, एक बूट पायात आणि एक हातात. आईच्या हातात तिचा ससा होता. त्यातून नुसती खरखर येत होती. पण पिन निघेपर्यंतचं सगळं त्यातून खाली आलं होतं आणि दोघांनी ते ऐकलं होतं. आईचे डोळे लाल झाले होते.

पिपाणीनं मला टेबलावर ठेवलं, माझ्याशेजारी वरचा ससा ठेवला आणि कमरेवर हात घेतले. वक्तृत्वाच्या बाई सांगतात तशी ती आधी क्षणभर थांबली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्याचं भाषण मी वरच्या खोलीतून करणार आहे, याच लॅपटॉपवरून, आजोबांना समोर बसवून. नवा घ्यायचा नाही. आणि भाषण झालं की मी माझा अभ्यासही कायमचा वर हलवणार आहे, आजोबांना मी विचारलंय. हे दोन्ही ससे आजपासून बंद. यापुढे ज्याला आजोबांचं बोलणं ऐकायचंय, त्यानं जिना चढायचा."